भरल्या डब्याचं क्योटो

या भूतलावर माझ्या नवऱ्याइतका डब्यांना घाबरणारा माणूस दुसरा नसेल. रिकाम्या डब्यांना, म्हणजे. कुणाचा आलेला डबा रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. पण नागपूरहून अमेरिकेला येताना या गृहस्थाने सामानात दुसरं काही आणलं नसेल, हे मात्र नक्की आणलं. वाळवंटातल्या आमच्या चँडलर गावात समोरच्या अमेरिकन आजींनी एकदा केळ्याचा केक पाठवला. झालं! त्यांच्या डब्यातून चिवडा गेला. त्या बिचाऱ्यांनी शिष्टाचार म्हणून कुकीज धाडल्या, तर शंकरपाळे गेले. शेवटी आजी थकून कागदी पिशवीतून खाऊ द्यायला लागल्या. ह्याने पिशवीत आमच्या परसातली लिंबं भरून तीसुद्धा परत केली. हे सगळं करतो मात्र तो स्वतः. माझ्या हातचे शंकरपाळे गेले असते, तर ही देवाणघेवाण पहिल्याच फेरीत बंद पडली असती.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघंच क्योटोला निघालो. मला तिथे एकच गोष्ट बघायची होती, शेवाळाची बाग. अंगणात गवताऐवजी खडी पसरून राहणाऱ्या बाईला झाडांखाली अंथरलेली हिरवी मखमल म्हणजे काय वाटतं, ते आम्हा वाळवंटवाल्यांनाच कळेल. मी तर इतकी हुरळले होते, की विमानातच वाकून नमस्कार करायचा सराव केला आणि पुढच्या सीटवर कपाळ आपटून घेतलं.

उतरलो एका जुन्या लाकडी घरातल्या छोट्याशा गेस्ट हाउसमध्ये. मालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, चिमणीएवढ्या. नवऱ्याने पोचल्या पोचल्या त्यांच्या हातात स्टीलचा डबाभर बेसनाचे लाडू ठेवले. मी डोळे वटारले, पण उशीर झाला होता. दुसऱ्या सकाळी आमच्या खोलीच्या दारात तोच डबा, घासूनपुसून आरशासारखा, सुंदर फडक्यात बांधलेला. आत तांदळाच्या गुलाबी वड्या.

"अगं, यांच्याकडेही तेच आहे न बाप्पा!" जन्मोजन्मीचं कुणी भेटावं, तसा त्याचा चेहरा उजळला.

मग काय विचारता! देवळं पाहिली, तांबड्या कमानींच्या रांगेतून चढलो, पण सगळं धावतपळत. कारण संध्याकाळी डबा भरायला घरी. बॅगेतून आणलेल्या चकल्या गेल्या, मुळ्याचं लोणचं आलं. नारळाच्या वड्या गेल्या, समुद्रातलं शेवाळ तळून आलं. माझ्या वाट्याला शेवाळ आलं ते असं, कुरकुरीत! लेकीने फोनवरून ओरडून पाहिलं, "बाबा, धिस इज व्हेकेशन, नॉट डबा सर्व्हिस!" तरी बाग ढकलत ढकलत शेवटच्या सकाळवर गेलीच. बाग, आणि तिथून थेट विमानतळ.

त्या सकाळी बॅगा घेऊन दार उघडलं, तर समोर डबा. पुन्हा त्याच गुलाबी वड्यांनी भरलेला. आणि आमच्याकडचा खाऊ तर कालच संपलेला.

"चल," मी म्हणाले. "डबा आपलाच आहे, उचल. टॅक्सी बोलावते."

तो हलेना. "त्यांनी भरून दिला, अन् आपण तसेच निघून जायचं?"

"अरे, माझी बाग!"

"हो ना, बाग," असं म्हणून तो मुकाट्याने डबा उचलून खाली गेला आणि बूट घालायला लागला. वाद न घालता हा माणूस माझं ऐकतोय, हे दृश्य मी संसारात पहिल्यांदाच बघत होते. लेस बांधत होता आणि डब्याकडे बघत होता. मला काय झालं कुणास ठाऊक.

"कालचा भात उरलाय का, विचार त्यांना," मी म्हणाले. "मिरच्या मी चिरते."

फोनमधल्या भाषांतराच्या आधाराने भात मिळाला. डब्यातल्या वड्या आम्ही फडक्यात बांधून घेतल्या. मालकीणबाईंच्या चकचकीत स्वयंपाकघरात ह्याने सोबतच्या मोहरी-हिंग-हळदीची अशी काही फोडणी दिली, की छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला. बाई धावत आल्या. मी माफी मागायला वाकले, तर त्याही वाकल्या. आधी सरळ कुणी व्हायचं ते दोघींना ठरवता येईना, आणि नवरा टॉवेल हलवत धूर हाकतोय. मग बाई खोकल्या, खुदकन हसल्या, खिडकी उघडून आल्या आणि कढईत डोकावून उभ्या राहिल्या. पिवळाधमक भात डब्यात भरून त्याने तो दोन्ही हातांनी त्यांना दिला. डब्यासकट.

बागेची वेळ टळली ती टळलीच. टॅक्सी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बाई डबा छातीशी धरून वाकलेल्या दिसत होत्या. नवऱ्याने दोनदा घसा खाकरला. मला वाटलं, बागेबद्दल माफी मागायची तयारी चाललीय. मीही मोठ्या मनाने "जाऊ दे रे" म्हणायला सरसावून बसले होते.

"अगं," तो म्हणाला, "आता तो डबा त्या भरून परत कुणाला देतील?"

बाहेर नदी मागे पडली, देवळांची छपरं मागे पडली. मी फडक्याची गाठ सोडली आणि एक वडी त्याच्या हातावर ठेवली.