मामांचं ऑटो आणि माझा ऑसिलोस्कोप

सासऱ्यांच्या मोटारीचं कार्ड मी बिघडवलं नाही, फक्त तपासलं.

वडगाव रासाईत दोन दिवस कांद्याला पाणी नव्हतं. लाइट येत होती, पण विहिरीवरची मोटार सुरू होईना. लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणाऱ्या कार्डाला तिकडे 'ऑटो' म्हणतात. मामा (म्हणजे सासरे) म्हणाले, "शिरूरचा वायरमन बोलावतो." सणसवाडीच्या कंपनीत अकरा वर्षं टेस्टिंगला असलेला जावई ओसरीवर बसलाय, आणि म्हणे वायरमन! मी तडक गाडीतून माझा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचं वागणं पडद्यावर रेघांनी दाखवणारं मशीन, काढला. (हो, सासुरवाडीलाही मी तो नेतो. बायको त्यावर काय म्हणते ते लिहीत नाही.)

"पाव्हणं, लाइट चारला जाती. कांदा सुकाया लागलाय."

"मामा, आमच्याकडे अंदाजावर काम चालत नाही. एकेक पार्ट सुटा करून तपासायचा!"

सोल्डर काढून मी कार्डाचे नऊ पार्ट सुटे केले आणि एकेक मशीनला लावला. पडद्यावर गोल उमटला.

"ह्यो गोल कसला?"

"कपॅसिटर पास!"

"आन् ही तिरकी रेघ?"

"रेझिस्टर पास!"

नऊच्या नऊ पास झाले.

"समदं पास, मंग मोटार का नापास?" मामांनी विचारलं. जावयाशी बोलायची काही रीत असते की नाही?

पास झालेले पार्ट मी सुपात ठेवले होते. सासूबाई आल्या आणि त्यांनी सूप सरळ अंगणात पाखडलं. कोंबड्या धावल्या!

"अवो मामी, पार्ट हायेत ते!" (संतापलो की मीही गावचाच होतो.)

"मला काय ठावं? जवारीतलं खडं वाटलं."

पाच सापडले. चार कोंबड्यांनी गिळले, तेही पास झालेले!

तोवर मामा विहिरीवर गेले, मेन बंद केला, स्टार्टरचं झाकण उघडलं आणि पट्ट्यांत अडकून मेलेली पाल काडीनं बाहेर काढली. बटण दाबताच मोटार सुरू.

"पाल तुमच्या पडद्यावर दिसली न्हाई व्हय?"

ऑसिलोस्कोप पाली शोधायला नसतो, हे मी तीनदा सांगितलं. कुणी ऐकून घेतलं तर शपथ!

कांदा वाचला. पण ऑटो कोंबड्यांच्या पोटात गेल्यामुळे लाइट आली की बटण दाबायला माणूस लागायला लागला. नवं कार्ड येईपर्यंत मामांनी तो नेमलासुद्धा. सध्या मी रजा टाकून विहिरीवर बसतो. येणाऱ्याजाणाऱ्याला मामा कौतुकानं सांगतात, "जुन्या ऑटोपरीस पाव्हणं बरं हायेत. फकस्त दर दोन तासानं च्या लागतो."