चिंधी बांधलेलं गाडगं

आत्याच्या दहाव्याला आत्याचंच बियाणं चुलीवर चढलं होतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. म्हणून लिहितो आहे.

आत्या कोल्हारला राहायची. परसातल्या कुंपणावर तिचा जांभळ्या शेंगांचा पावटा चढलेला असायचा. तिच्या आईकडून आलेला. गावात आता सगळे दुकानातलं पॅकेट आणतात. हा पावटा फक्त तिच्याकडं उरला होता.

मी सावेडीला फ्लॅटमध्ये राहतो. एकदा मूठभर बी मागितलं.

"तुझ्या फ्लॅटात ऊन लिफ्टनं येतं का रं?"

दिलं नाही.

बी ती राखेत घोळून गाडग्यात ठेवायची. खायची मटकी, हुलगेही तसेच, राखेतच. फडताळात सगळी गाडगी सारखी. फक्त बियाण्याच्या गाडग्याला गळ्याशी तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी असायची.

तेवढीच खूण.

शेवटी आयसीयूत तिनं माझं मनगट धरलं. "चिंधीचं गाडगं," म्हणाली. पुढं बोलता आलं नाही.

दहाव्याला प्रवरेकाठी कावळा शिवेना.

ऊन चढत गेलं. आत्याचा मुलगा बाळूदादा हात जोडून म्हणाला, "आई, गाय इकणार न्हाई." कावळे झाडावरून हलले नाहीत.
"आई, घर मोडणार न्हाई."

कुणीतरी मागून म्हणालं, "जीव कशात अडकलाय म्हातारीचा?"

मी असलं मानत नाही. तरी पुढं झालो.

"आत्या, तुझा पावटा आम्ही लावतो. मोडू देणार नाही."

कावळा उतरला. त्याला भूकही लागली असेल. पण शब्द दिला गेला होता, चारचौघांत, तिच्या मुलासमोर.

घरी येऊन सरळ फडताळाकडं गेलो.

एकाही गाडग्याला चिंधी नव्हती.

"वहिनी, चिंधी कुठंय?"

"मीच सोडली, भाऊजी. गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवत न्हाईत ना. लुगड्यांसंगं देऊन टाकली." मग तिचा चेहरा बदलला. "का?"

परसात शेजारच्या यमुनाकाकू दहाव्याचा स्वयंपाक करत होत्या. मोठ्या पातेल्यात उसळ रटरटत होती. कसली ते जवळ जायच्या आधीच कळलं.

"घरातलाच पावटा घेतला," काकू खुशीत म्हणाल्या. "मोड बघ कसं आलेत. म्हातारीचा हात लागलेलं लई ग्वाड लागतंय."

बाजूला टोपलीत मोड आलेल्या पावट्याची, फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी होती. दुसऱ्या घाण्यासाठी ठेवलेली. काकूंनी तिला हात घातला.

मी पुरचुंडी उचलून छातीशी धरली.

"अरं दे की! पाव्हणं बसलेत पंगतीला."

"काकू, हे बियाणं आहे."

"मग पाव्हण्यांना काय वाढू? शेंगा लागंस्तोवर बशिवू का त्यांना?"

बाळूदादा दारात उभा होता. डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. आईच्या दहाव्याला पान अपुरं पडणं म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

तो पातेल्याकडं बघत राहिला. मग माझ्या हाताकडं.

"काकू, बटाटं चिरा," म्हणाला. आणि ओल्या धोतरानंच कुदळ घेऊन कुंपणाकडं गेला.

वैशाखातली जमीन. कुदळ टणटण वाजत होती. वहिनी बादलीनं पाणी ओतत होती. मी एकेक मोड मातीत ठेवत होतो. काही मोड बोट लागताच तुटले.

वरून गोणपाट घातलं. मग हात धुऊन पंगतीला बसलो. आधीच्या घाण्याची उसळ पानात आली. मी खाल्ली. गोड होती.

पुढं रोज फोन.

"दादा, आलं का?"
"न्हाई."

"आलं का?"
"मुंग्या लागल्यात."

मग मी विचारायचं सोडलं.

एका सकाळी दादाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. मातीला तडा, आणि त्यातून मान वाकवून वर येणारा एक कोंब. खाली काही लिहिलं नव्हतं.

बरेच करपले. थोडे कुंपणावर चढले. थंडीत शेंगा धरल्या. जांभळ्या. यंदा कुणी एकही तोडून खाल्ली नाही. सगळ्या वेलीवरच वाळू दिल्या.

आज वर्षश्राद्धाला कोल्हारला गेलो होतो. फडताळात गाडगं आहे. गळ्याला वहिनीच्या साडीची चिंधी आहे.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "मी गेल्यावर माझं सगळं देऊन टाका. एवढी चिंधी तेवढी ऱ्हाऊ द्या."

आत्या, बी राहिलं आहे.
आता मागं वळून बघू नकोस.