पैकीच्या पैकी

मालाड स्टेशनच्या पश्चिमेला एका चष्म्याच्या दुकानाच्या वर जर्मन शिकवणारा क्लास आहे. तिथे मी दीड वर्ष गेले. इतका मान मला आयुष्यात कुठे मिळाला नाही आणि इतकी फसगतही कुठे झाली नाही.

मी बत्तीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर मी भजनी मंडळात जावं असं आमच्या चारकोपच्या सोसायटीतल्या बायकांचं ठरलेलं होतं. माझं वेगळं ठरलं होतं. एकुलती एक लेक जर्मनीत, जावई तिकडचाच, नात पाच वर्षांची. ती अगदी लहान होती तोवर लेक तिच्याशी मराठी बोलायची. मग तिची शाळा सुरू झाली, लेकीचं ऑफिस वाढलं आणि नातीचं मराठी ‘आजी’, ‘भात’ आणि ‘नको’ एवढ्यावर येऊन थांबलं. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा. नात हातवारे करून काहीतरी भरभरून सांगायची आणि लेक त्याचं मराठी करायची, "शाळेतलं सांगतेय गं." अगं, दहा मिनिटं बोलली ती! एवढंच? मला माझ्या नातीशी थेट बोलायचं होतं, मध्ये कोणी नको. त्यासाठी मी क्लास लावला, दुसरं काही कारण नव्हतं.

वर्गात मी सोडून सगळी पंचविशीच्या आतबाहेरची. कोणाला तिकडे नर्स म्हणून जायचं होतं, कोणाला इंजिनिअरिंगचं पुढचं शिकायला. शिकवणारे सर तिशीचे आणि जिभेने तिखट. "अरे यार, कालच सांगितलं ना? परीक्षेत वाट लागणार आहे तुझी!" हे पोरांना. माझी पाळी आली की त्याच तोंडातून साखर. "वा काकू, झकास! शिका रे जरा काकूंकडून."

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या व्हायच्या. बत्तीस वर्षांत एकाही इन्स्पेक्टरने मला झकास म्हटलं नव्हतं. पोरांच्या वह्या लाल खुणांनी भरलेल्या असायच्या आणि माझ्या वहीत पानागणिक हिरव्या पेनाची चांदणी. चाचणीत तर मला नेहमी पैकीच्या पैकी. माझ्या शाळेत एखाद्याला पैकीच्या पैकी पडले की मी तो पेपर पुन्हा तपासायचे. पण स्वतःची स्तुती कोण पुन्हा तपासतं? मी वही घरी आणून यांना दाखवायचे. हे विक्रोळीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, जन्म मुंबईत गेला तरी चेष्टा करायची तर मालवणीतच. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "गो, तुका शिकवतत की ओवाळतत?"

मला राग आला. यांना कौतुक करायला कधी जमलंच नाही, असं मी दोन दिवस धुसफुसत होते.

क्लासचा वर्धापनदिन झाला. त्यात माझा सत्कार. शाल, नारळ, कुंड्यांच्या मागे उभं करून फोटो, आणि सरांच्या मोबाईलवर मी जर्मनमध्ये स्वतःची ओळख करून देतेय असा व्हिडिओ. पुढच्या आठवड्यात जिन्याखाली माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला. ‘वय हा फक्त आकडा आहे’. आकडा ‘फक्त’ नसतो, हे गणिताच्या बाईने तरी ओळखायला हवं होतं. मी मात्र हरभऱ्याच्या झाडावर अगदी शेंड्याला जाऊन बसले होते.

नातीच्या वाढदिवसाला मी एक गोष्ट तयार केली. तिची आई पाच वर्षांची असताना आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये डोकं अडकवून बसली होती, ती. सगळी बिल्डिंग गोळा झाली, शेजारणींनी तिच्या डोक्यावर अर्धी बाटली खोबरेल ओतलं, एकजण ग्रिल कापायला माणूस आणायला धावला. डोकं सुटलं तेव्हा आम्ही बायका रडत होतो आणि ही म्हणाली, "परत एकदा!" एवढी गोष्ट जर्मनमध्ये लिहायला मला तीन आठवडे लागले. सरांना तपासायला दिली तेव्हा मुद्दाम सांगितलं, "सर, ही नातीसाठी आहे हं, नीट बघा." दुसऱ्या दिवशी वही परत मिळाली. खाली दोन चांदण्या.

वाढदिवसाला मी गोष्ट सांगितली, न बघता, हातवारे करून. नात आधी माझ्याकडे बघत होती. मग आईकडे बघायला लागली. मग परत माझ्याकडे, जरा घाबरल्यासारखी. ‘परत एकदा’शी मी आवाज चढवला तरी ती ढिम्म. मग लेक घाईने म्हणाली, "किती छान गं आई! थांब, मी सांगते तिला." आणि तिने तीच गोष्ट दोन मिनिटांत सांगितली. नात जमिनीवर लोळून हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन तोंड धुतलं, कारण यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं.

माझी शंका तिथे जागी झाली. पुढच्या चाचणीत मी जे केलं ते माझ्या शाळेतल्या एखाद्या वात्रट मुलाने केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. उत्तराच्या मधोमध इंग्रजी अक्षरांत मी चक्क मराठी वाक्य लिहिलं, ‘आज आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी आलं नाही आणि सरांना त्याचं काही पडलेलं नाही’. दोन दिवसांनी पेपर मिळाला. पैकीच्या पैकी, आणि चांदणी.

वर्ग सुटल्यावर मी थांबले. सरांच्या पुढे पेपर ठेवला आणि म्हटलं, "हे वाक्य जरा मोठ्याने वाचा." त्यांनी वाचायला घेतलं आणि ‘पाणी’ या शब्दापाशी येऊन थांबले. वाटलं, आता तरी शरमतील. कसलं काय.

"काकू, मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "तुम्हाला कुठे परीक्षा द्यायचीय? तुमचा वेळ छान जातो ना इथे? माझ्या आईच्या वयाच्या तुम्ही. तुमच्या वहीवर लाल पेन चालवणं बरं दिसतं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पोरं कुठेतरी पोचणार होती म्हणून त्यांच्यावर ओरडणं चाललं होतं. मी कुठेच पोचणार नाही हे सरांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं आणि दीड वर्ष माझ्या तोंडावर हसत होते. मी बरंच बोलले. त्यातलं खूपसं सांगण्यासारखं नाही. पण जिना उतरताना मला एक आठवलं. माझ्याही वर्गात दरवर्षी दोन-तीन मुलं अशी असायची की ज्यांचा नाद मी सोडून दिलेला असायचा. त्यांच्या वहीवर मी नुसती सही करायचे. चुका काढायचा वेळ मी इतरांसाठी ठेवायचे. ती मुलं खूश होऊन वही घेऊन जायची.

क्लास सोडला. पण नातीचं काय? मी ठरवलं, तिच्याकडूनच शिकायचं. सहा वर्षांचं पोर, त्याला कसली भीड? पुढच्या रविवारी मी लेकीला म्हटलं, "तिला सांग, आजी आता तुझी विद्यार्थिनी. मी बोलते. जिथे चुकेन तिथे तिने थांबवायचं."

लेकीने सांगितलं असावं. मी सुरुवात केली. नाव, घर, आज काय जेवले. नात शहाण्यासारखी मान हलवत होती. मी मुद्दाम चुकले, भाताला काहीतरी भलतंच म्हटलं. तिचे ओठ हलले, हसू आलं, ते तिने दाबलं आणि परत मान हलवली.

"अगं, थांबव की मला!" मी मराठीतच ओरडले.

नात आईच्या कानात काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?"

"काही नाही गं."

"काय म्हणाली ते सांग."

"म्हणाली... आजीच्या चुका काढायच्या नाहीत असं मम्माने सांगितलंय. आजीला वाईट वाटतं."

लेक नातीएवढी असताना माझ्या सासऱ्यांची वाचताना झालेली चूक तिने पाहुण्यांसमोर दाखवली होती. मोठ्यांच्या चुका काढायच्या नाहीत, असं म्हणून तिच्या हातावर पट्टी मारणारी मीच होते.