डाग काढणारे मास्तर

डागमास्तरांच्या नोकरीविषयी लग्नापासूनच घोटाळा होता. 'जावई काय करतात?' या प्रश्नाला मध्यस्थाने 'डाग काढतात' असं खरंखुरं उत्तर दिलं होतं, आणि सासऱ्यांनी लग्न होईपर्यंत त्यांचा लॉन्ड्रीचा धंदा आहे अशीच समजूत करून घेतली होती.

मास्तर डाग काढायचे ते सूर्याचे, आणि पुसायचे नाहीत, चितारायचे. टेकडीवरच्या वेधशाळेत एक जुनी दुर्बीण होती. तिच्यातून सूर्याचं बिंब एका पांढऱ्या फळीवर पडायचं, जेवणाच्या ताटाएवढं. फळीवर कागद लावायचा आणि दिसेल तो डाग पेन्सिलीने गिरवायचा. शंका आली तर कागद हळूच हलवायचा. डाग जागेवर राहिला तर सूर्याचा, कागदाबरोबर सरकला तर कागदाच्या कारखान्याचा. मग डाग मोजायचे, आकडा लिहायचा, खाली सही ठोकायची. चौतीस वर्षं हे चाललं होतं, आणि निवृत्तीला तीनच महिने राहिले होते.

अशात एक तरुण संशोधिका आली. तिचं काम ऐकूनच मास्तरांना नवल वाटलं. गेल्या कित्येक वर्षांत सूर्य कधी शांत होता, कधी खवळला होता, हे ताडून बघायचं, आणि त्यासाठी ठिकठिकाणच्या माणसांनी हाताने काढलेली चित्रं एकमेकांशी जुळवायची. पण नजर सगळ्यांची सारखी नसते. म्हणून आधी प्रत्येक चित्रकाराची नजर मोजायची. तिने मास्तरांच्या सगळ्या वह्या संगणकात घातल्या आणि आठव्या दिवशी म्हणाली, "मास्तर, उद्या सकाळी जरा बसू या. दोन ठिकाणी मला काहीतरी वेगळं दिसतंय."

मास्तर जेवणाला घरी आले ते पानावर न बसता सरळ स्वयंपाकघरात शिरले.

"त्यांना कळलंय," ते बायकोला म्हणाले.

"काय?"

"ते नऊ दिवस."

बावीस वर्षांपूर्वी पाण्याचा पिंप उचलताना मास्तरांची कंबर धरली होती. तेव्हाचे संचालक शहरातल्या कचेरीत बसायचे, पण भारी कडक. 'सूर्य रजा घेत नाही' अशी पाटीच त्यांनी दारावर लावली होती. तेव्हा मास्तरांच्या बायकोने नऊ दिवस टेकडी चढून चित्रं काढली, आणि मास्तरांनी खाटेवर आडवं पडून त्यांवर सह्या केल्या. हे या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं.

"बावीस वर्षांनी कोण सांगणार त्यांना?" बायको म्हणाली.

"सूर्यानेच सांगितलं असेल. तिसरं कोण होतं तिथे?"

"मग तुम्हीही सांगून टाका. उगाच जिवाला घोर कशाला?"

मास्तरांनी दुपारभर बसून कबुलीजबाब लिहिला. पहिल्या मसुद्याची दोन पानं नुसत्या कंबरेवरच खर्ची पडली. तिसरा मसुदा त्यांनी खिशात घातला. सकाळी निघाले तर बायकोही चपला घालून तयार.

"तू कुठे?"

"चित्रं मी काढली. उत्तरं तुम्ही एकटे का म्हणून देणार?"

संशोधिकेने पडद्यावर एक वर-खाली जाणारी रेघ दाखवली. "हे बघा, मास्तर. इथे दीड वर्ष तुमचे बारीक डाग कमी कमी होत गेलेत. मोठे आहेत, लहान गायब. बाकीच्या वेधशाळांना मात्र तेव्हा भरपूर दिसत होते. आणि मग एका सोमवारी सगळे एकदम परत आले. त्या सोमवारी काय झालं?"

मास्तर बोटांवर वर्षं मोजू लागले.

"चष्मा आला," बायको म्हणाली. "त्याआधी दीड वर्ष हे वर्तमानपत्राच्या छपाईला नावं ठेवत होते. मग एकदा खुंटीवरच्या कोटाला 'या साहेब, बसा' म्हणाले, तेव्हा मी धरून नेलं डॉक्टरांकडे."

संशोधिकेने हे सगळं गंभीरपणे लिहून घेतलं. कोटसुद्धा.

"आता दुसरं. हे नऊ दिवस. इथे डाग जवळजवळ दुप्पट झालेत."

मास्तरांनी खिशातला कागद पुढे केला. तिने तो वाचला, परत वाचला, आणि बायकोकडे वळली. "काकू, ही चित्रं तुमची?"

"हो. चुकलं का काही?"

"मलाही आधी चूकच वाटली होती. म्हणून मोठ्या दुर्बिणींचे त्याच दिवसांचे फोटो मागवले. एकूण एक डाग खरा आहे. एवढ्याशा दुर्बिणीतून तुम्हाला ते दिसले कसे?"

"मी रफू करते गं," बायको म्हणाली. "गिऱ्हाइकाला न दिसणारं भोक मला आधी दिसावं लागतं. बिंबाच्या कडेचे बारीक ठिपके सोडून दे, असं हे म्हणाले होते. मला सोडवेना."

मास्तरांना सुटल्यासारखंही वाटलं आणि कुठेतरी टोचलंही. "मग माझी चौतीस वर्षं?" त्यांनी विचारलं.

"तुमची नजर थोडी कमी पडते," संशोधिका म्हणाली, "पण चष्म्याचा तो काळ सोडला तर रोज तेवढीच कमी पडते. आम्हाला तेच हवं असतं. अशी माणसं फार थोडी मिळतात."

ही स्तुती की निंदा, हे मास्तरांना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

नवे संचालक तसे मवाळ होते, पण वहीतली खोटी सही त्यांनाही चालण्यासारखी नव्हती. त्यांनी मास्तरांना दहा मिनिटं सुनावलं आणि नऊही पानांवरची सही खोडायला लावली. बायकोने तिथे आपली सही केली. रफूइतकीच सावकाश. मास्तर पानं धरून उभे होते.

वर्षभराने संशोधिकेचा लेख छापून आला. त्यात जगभरच्या निरीक्षकांचा तक्ता होता, आणि दोन ओळी एकाच घरातल्या. नजरेच्या आकड्यात बायको कितीतरी वर होती. मास्तर तो तक्ता पाहुण्यांना स्वतःहून दाखवायचे. "कोणाची नजर तेज, हे आमच्या घरातलं भांडण आता आंतरराष्ट्रीय पातळीवर मिटलंय," म्हणायचे.

तोवर ते निवृत्त झाले होते. जागेवर नवा माणूस मिळेना, म्हणून संचालकांनी काकूंनाच तात्पुरतं बोलावलं, आणि त्या तात्पुरत्याला आता तिसरं वर्ष आहे. सकाळी बायको टेकडी चढते. मास्तर भाजी निवडतात, कुकर लावतात, आणि दर पाच मिनिटांनी खिडकीशी जातात. ती दारात आली रे आली की, एखाद्या दवाखान्यातल्या नातेवाइकाची चौकशी करावी तसं विचारतात, "कसा आहे?"

"बरा आहे," ती चपला काढत सांगते. "जरा अंगावर उठलंय, एवढंच."