जखऱ्याची पाटी

"स्वरयंत्राचा कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यातला 'पण' माझ्या बायकोनं, रोझीनं, पकडला आणि मी फक्त 'कॅन्सर' पकडला. तरी तोंडातून निघालं काय, तर "मग माझं गाणं?" म्हणजे बघा माणसाचं डोकं! बाई शांतपणे म्हणाल्या, आधी जीव बघू, मग बोलणं. गाण्याचं आज काही सांगता येणार नाही.

मी सान्तान. मालवणच्या बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. पण वाडीत मला ओळखतात ते लादीन म्हणणारा म्हणून. मे महिन्यात संध्याकाळी आम्ही ख्रिस्ती लोक खुरसासमोर, म्हणजे क्रूसासमोर, जमतो आणि प्रार्थना गातो, ती लादीन. एकानं उचलायची, बाकीच्यांनी साथ द्यायची, शेवटी उकडलेले चणे वाटायचे. उचलणारा मी. बापाकडून कानानं शिकलो. बरीचशी लॅटिनमध्ये. अर्थ बापाला ठाऊक नव्हता, मलाही नव्हता. सूर चुकला नाही की झालं, एवढंच आम्हाला कळायचं.

माझी चूकही तिथलीच. मे संपता संपता आवाज बसला, तर मी उलट खूश! लादीनवाल्याचा आवाज बसणारच, त्याशिवाय जोरात गायलो हे लोकांना कळणार कसं? मध झाला, मिरी झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. चवथीला शेजारच्या दाजीकडे जेवायला गेलो, तेव्हा तो माझा बालमित्र पानावरच म्हणाला, "सान्तान, तुझो आवाज फाटक्या शिडासारखो येता. डाक्टराक दाखय." तोवर तीन-साडेतीन महिने उलटले होते.

म्हणून आधीच सांगतो. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, तुम्ही गाणारे असा नाहीतर मासे विकणारे. विडी ओढत असाल तर वाटही बघू नका. मी ओढायचो, तेही कबूल करून टाकतो.

तपासण्या दोन झाल्या. पहिली लॅरिंगोस्कोपी. नाकातून बारीक नळी घशापर्यंत जाते, तिच्या टोकाला कॅमेरा असतो. पडद्यावर मला माझे स्वरतंतू दिसले, दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि एकीवर खडबडीत डाग. दुसरी बायोप्सी, म्हणजे त्या डागाचा कण काढून तपासणं. त्याचा रिपोर्ट आला आणि बाईंनी ते वाक्य उच्चारलं.

उपचार रेडिएशनचा. गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. चेहऱ्याच्या आणि मानेच्या मापाचा प्लास्टिकचा जाळीदार साचा करतात आणि तो घालून टेबलाला पक्का आवळतात, मान हलू नये म्हणून. किरणं दुखत नाहीत. पाच-दहा मिनिटांचं काम. पहिल्या दिवशी त्या साच्याखाली मी नवस बोललो: आवाज परत दे, माझ्या उंचीची मेणबत्ती खुरसाला लावतो. आमच्याकडे नवस सगळेच बोलतात. दाजीनंही माझ्यासाठी देवळात गाऱ्हाणं घातलं होतं, त्यामुळे दोन्हीकडून बंदोबस्त झाला असं मला वाटलं.

गरजेपुरतंच बोला, असं बाईंनी बजावलं होतं. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्यानं तंतूंवर जास्त ताण येतो. तिसऱ्या आठवड्यात आवाज गेलाच, तेव्हा तोही प्रश्न मिटला. मानेची कातडी काळवंडली. गिळताना काटे टोचायचे, म्हणून सकाळ-संध्याकाळ पेज. मी एक पाटी विकत घेतली. पण रोझीनं दुसरीतच शाळा सोडलेली, तिला वाचता येत नाही. हॉस्पिटलजवळच्या भाड्याच्या खोलीत आम्ही दोघं हातवारे करून संसार करत होतो.

रोझीनं घरातलं बायबल सोबत आणलं होतं. लग्नात फादरनी दिलेलं. सदतीस वर्षं आल्तारावर, म्हणजे आमच्या घरातल्या देव्हाऱ्यात, होतं आणि त्याचा उपयोग एवढाच, की आत ठेवलेलं रेशनकार्ड चुरगळायचं नाही. रेडिएशनच्या रांगेत बाकीचे गप्पा मारायचे. मला ते जमेना, म्हणून एक दिवस पुस्तक उघडलं. मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला होता तेच पान निघालं, लूकच्या शुभवर्तमानाचं पहिलं.

तिथे जखऱ्या नावाचा म्हातारा याजक भेटला. जन्मभर मंदिरात सेवा करणारा. मूल व्हावं म्हणून त्यानं प्रार्थना केलेली. देवदूत येऊन सांगतो की तुझी प्रार्थना ऐकली गेली, मुलगा होईल, त्याचं नाव योहान ठेव, आणि हा म्हणतो, कशावरून? झालं, त्याची वाचा गेली.

मी पुस्तक मिटलं. चक्क राग आला. इथेही तेच! पण आवाज परत आला की नाही हे कळल्याशिवाय चैन पडेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पुढे वाचलं. बाळ होतं, नाव ठेवायची वेळ येते, म्हातारा पाटी मागतो, नाव लिहितो आणि त्याची जीभ मोकळी होते. माझ्याही मांडीवर पाटी होती.

गावचे फादर भेटायला आले तेव्हा मी पाटीवर लिहिलं, जखऱ्यासारखी ही मला शिक्षा का? ते हसले नाहीत. "विडीचा दोष देवावर घालू नकोस," म्हणाले. "जखऱ्या गप्प होता तेवढे महिने त्यानं काय ऐकलं असेल, ते बघ."

मग मी लादीनचा अर्थ विचारला. ज्या ओळीवर माझा सूर सगळ्यांत उंच जायचा ती म्हणजे येशूच्या आईला म्हटलेलं 'आमच्यासाठी विनंती कर'. एवढंच. बापरे, हे मी आयुष्यभर मागत होतो! आणि कोणी ऐकत असेल असं एकदाही वाटलं नव्हतं. मी खुरसाजवळ बसलेल्या माणसांसाठी गात होतो. जखऱ्याचं आणि माझं दुखणं एकच निघालं.

त्यानंतर रोज वाचलं. येशूजवळ आंधळे आले, कुष्ठरोगी आले, गर्दीत त्याच्या वस्त्राला शिवणारी बाई आली. घासाघीस कोणीच केली नाही. माझा नवस आठवून मलाच लाज वाटली. मी सुरमईचा भाव करावा तसा देवाशी बोललो होतो. त्या दिवसापासून साच्याखाली मी काही मागितलं नाही. नुसतं म्हणायचो, प्रभू, मी इथे आहे.

एका संध्याकाळी रोझीनं विचारलं, "इतक्या काय वाचतंस रे?" मी भराभर पाटी भरली आणि तिच्यापुढे धरली. ती बघत राहिली, मग हळूच खाली ठेवून पेज ढवळायला गेली. कॅन्सर ऐकून मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

उपचार संपून दोन महिने झाल्यावर पुन्हा नळी घातली. पट्टी स्वच्छ. "आता बोला," बाई म्हणाल्या. मी बोललो, जुन्या इंजिनासारखं घरघरत. गाण्याचं विचारलं तर त्यांनी मान हलवली. वरचे सूर येणार नाहीत. तपासणीला मात्र न चुकता यायचं. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं. वाटलं, नाही असं नाही.

येत्या मेमध्ये लादीन दाजीच्या पलीकडच्या घरातली मारिया उचलेल, तिला अर्थासकट शिकवतोय. मेणबत्ती मी लावणार आहे, दुकानात मिळते ती साधी. मी रोझीशेजारी उभा राहून साथ देईन.

पण माझा परत आलेला आवाज पहिल्यांदा लागला तो खुरसासमोर नव्हे. तपासणीहून घरी आलो त्याच संध्याकाळी पडवीत बसून मी रोझीला जखऱ्या वाचून दाखवला. एक ओळ, एक घोट पाणी. नाव ठेवायची वेळ आली. नातेवाईक म्हणतात, बापाचंच नाव ठेवा. बाळाची आई अलिशिबा ठाम सांगते, नाही, योहान. मग नवऱ्याला विचारतात आणि तो पाटीवर तेच लिहितो.

रोझीनं मला थांबवलं.

"म्हणजे तो मुको होतो तरी बायलेक आधीच कळला होता," ती म्हणाली. "बघ, तिका पाटी वाचूची गरज लागाक नाय."

तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"घे, घोट घे. आणि फुडला वाच."