वच्छलाची डाळ

वच्छला माझी धाकटी जाऊ. कारंज्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तिचं कौतुक मला रोज फुकटात ऐकायला मिळे. ती गोरी, ती हसरी, तिच्या हाताला चव. हे सगळं मी गिळलं. तिची डाळ मात्र मला सोसवेना.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. उन्हाळ्यात वर्षभराची तुरीची डाळ कोठीत भरायची, आणि श्रावणापर्यंत माझ्या डाळीत किडे वळवळायचे. वच्छलाची मात्र दिवाळीलाही जशीच्या तशी. सासूबाई राहायच्या तिच्याकडे, पण डाळ ओंजळीत घेऊन यायच्या माझ्याकडे. "संसार करावा त वच्छलानं!" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा न राहवून विचारलंच, "तुया डाळीले किडे काहून लागत नाहीत वं?"

"पारा चोळते ना बाई, राखेत खलून. सोनाराकडून आनते."

तिनं लपवलं नाही, याचाच मला जास्त राग आला. "आमच्या घरी असलं नाही चालत बाप्पा," असं ठसक्यात सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी गुपचूप पारा आणला. तिच्यावर ताण करायची म्हणून दुप्पट चोळला.

त्या दिवाळीला माझ्या डाळीत एक किडा नव्हता. पण आमच्या ह्यांच्या हिरड्या सुजल्या, चूळ भरली की रक्त येई. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं खोदून विचारलं, तेव्हा मी पाऱ्याचं सांगून टाकलं.

"पारा जहर हाय, बाई. डाळ धुतली तरी सगळा जात नाही," ते म्हणाले. "आज हिरड्या, उद्या हात थरथरतीन. फेका ते डाळ."

मी डाळ परसात पुरली आणि वच्छलाला सांगायला तिच्या दारापर्यंत गेले. आत सासूबाई तिच्या वरणाची वाखाणणी करत होत्या. सांगावं, तर मी तिची नक्कल केली हे उघडं पडणार होतं. उद्या सांगू, म्हणून परत फिरले. असे दोन महिने गेले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वच्छला मला कुंकू लावू लागली. हात असा थरथरला की कुंकू कपाळावरून नाकावर आलं.

"काय वं वच्छला, थंडी वाजून राह्यली का?" शेजारच्या रंगूबाईनं विचारलं. बाया हसल्या. वच्छलाही ओशाळून हसली.

थंडी नव्हती, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.