रेट उतरला की घेऊ

आमच्या घरात एक व्हिडिओ कॅसेट होती आणि ती बघायला यंत्र नव्हतं. अशी आठ-नऊ वर्षं गेली.

कॅसेट माझ्या धाकट्या दिराच्या लग्नाची. लग्न मंगळवार पेठेतल्या एका कार्यालयात झालं. तेव्हा लग्नाचं शूटिंग करणं नवीन होतं. नवरीच्या माहेरच्यांनी हौसेनं लावलं होतं. एकजण खांद्यावर कॅमेरा घेऊन पुढे, दुसरा मोठा लाइट धरून त्याच्या मागे. तो लाइट अंगावर आला की मला कुठं लपू असं व्हायचं. मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. नेसरीला माहेरी पाहुणे आले तरी मी पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन बसायची. लग्नात माझी अडीच वर्षांची मुलगी दिवसभर माझ्या कडेवर होती. पिवळा फ्रॉक, पायात पैंजण. लाइट बघून ती खदाखदा हसत होती, एवढं पक्कं आठवतं.

त्याच वर्षी गणपतीनंतर ती तापानं गेली. पाच दिवसांचा ताप.

तिचा एकच फोटो होता, बारशातला, डोळे मिटलेला. ती कशी चालायची, मान तिरकी करून कशी बघायची, ते कुठंच नव्हतं. माझ्या घशाखाली घास उतरेना. सासूबाई रागावून थकल्या. मग एका संध्याकाळी हे स्वतः ताट वाढून घेऊन माझ्यासमोर बसले.

"कॅसेटमध्ये हाय की ती," हे म्हणाले. "लाइट बघून हसत हुती न्हवं? ते सगळं त्यात आलं असणार. आपण व्हिडिओ घिऊ. जरा रेट उतरू दे."

त्या दिवशी मी अर्धी भाकरी खाल्ली.

हे उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर कामाला होते. व्हिडिओची, म्हणजे कॅसेट लावायच्या यंत्राची, किंमत तेव्हा यांच्या सहा-सात पगारांएवढी. एका रात्रीसाठी भाड्यानंही मिळायचा. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत कुणी ना कुणी आणायचंच. मी एकदा तसं म्हणून बघितलं.

"भाड्यानं आणला की सगळी गल्ली गोळा हुतीया," हे म्हणाले. "तुला चालंल?"

मला चाललं नसतं. टीव्हीपुढं बायका बसल्यात आणि त्या टीव्ही सोडून माझ्या तोंडाकडं बघतायत, हे माझ्या डोळ्यांपुढं आलं. भाड्याचं मी पुन्हा काढलं नाही.

मग यांचं ते रेट विचारणं सुरू झालं. सुटी झाली की सायकल घेऊन राजारामपुरीपर्यंत जायचे, दुकानांत चौकशी करायचे आणि घरी येऊन सांगायचे. शेजारची वहिनी थट्टा करायची, "काय भावजी, आज बाजार काय म्हणतोय? सोनं घेतल्यागत करतायसा की." हे हसायचे. दुकानदारसुद्धा यांना लांबून बघून "पावणं, आज बी न्हाय उतरला" म्हणायचे म्हणे.

खरं तर उतरत होता. दोन-तीन वर्षांत व्हिडिओ चार पगारांवर आला. हे म्हणाले, अजून उतरंल. मग सीडी निघाली, कॅसेटची सीडी करून मिळू लागली. हे म्हणाले, आता जुनं यंत्र कोण घेतंय, सीडीचा रेट उतरू दे. तो उतरत उतरत एका पगारावर आला. तोवर आमच्याकडे रंगीत टीव्ही आला होता. त्याला पैसे निघाले, प्लेअरला निघेनात. "आता डीव्हीडी येतीया म्हणत्यात. थांब जरा."

मी थांबत होते. वरून काही बोलत नव्हते, पण मनात मी यांना फार वाईट बोलले आहे. स्वतःच्या लेकीला बघायला या माणसाला स्वस्ताई लागते, असं म्हणायची. ते आता लिहिताना हात थांबतो.

शेवटी मी साड्यांना फॉल लावून पैसे साठवले आणि एकटी दुकानात गेले. कितीतरी वेळ पायरीवरच उभी होते. प्लेअर यांच्या अर्ध्या पगारात मिळाला.

"वहिनी, आता फुकट वाटायचंच राहिलंय," दुकानदार म्हणाला. टीव्हीच्या मागच्या भोकांत कुठली पिन कुठं जाते ते त्यानं रंगावरून शिकवलं. कॅसेटची सीडी पेठेतल्याच एका शूटिंगवाल्यानं करून दिली. बुरशी धरली होती, पण सगळं निघालं म्हणाला.

दुपारी हे कामावर असताना मी दार लावून बसले.

मी त्यात तीनदा आहे. पहिल्यांदा दारातल्या घोळक्यात. लाइट आला तशी मी तोंड फिरवलं आणि कडेवरच्या पोरीच्या तोंडावर पदर ओढला. दुसऱ्यांदा अक्षतांच्या वेळी, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पंगतीजवळ. तिथं तिची मूठ पदराबाहेर येते आणि पदर खाली ओढते. तोंड दिसायच्या आत मी ती मूठ सोडवते आणि पदर पुन्हा नीट करते. पदराखाली ती हसत असणार. बँडच्या आवाजात ते ऐकू येत नाही. लाजत मी होते. ती लाजत नव्हती.

संध्याकाळी हे आले. टीव्हीवरचा प्लेअर बघून दारातच थांबले.

"केवढ्याला घेतलास?"

मी सांगितलं.

"बरोबर दिलाय," हे म्हणाले आणि खाली बसले. मग म्हणाले, "बघितलीस?"

"व्हय."

ती कशी दिसली, ते यांनी विचारलंच नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, "तुमाला ठावं हुतं?"

"ती गेल्यावर म्हयन्यानं कारखान्याच्या मालकाच्या घरी लावून बघितली. तुला दावायच्या आधी एकदा बघावी म्हटलं." हे जमिनीकडं बघत होते. "तीनदा बघितली."

"मग मला सांगायचं न्हाय?"

"काय सांगू? कॅसेट हाय म्हणून तू जेवत हुतीस."

"आणि ते रेट?"

"रेट खरंच इचारत हुतो की," हे म्हणाले. "तू कुणाला इचारलं असतंस तर?"

मी सीडी परत लावली. का लावली माहीत नाही. हे भिंतीला टेकून बसले, टीव्हीकडं न बघता. पंगत आली. मूठ आली आणि गेली.

"आता पाय," हे हळूच म्हणाले.

मला तो दुपारी दिसलाच नव्हता. पदराच्या खालून एक पाय बाहेर आला, पैंजणाचा, आणि दोनदा हलला. मी बटण दाबून चित्र थांबवलं. आम्ही दोघं तो पाय बघत बसलो.

त्यानंतर घरात बऱ्याच वस्तू आल्या. यांनी कशाचाही रेट उतरायची वाट बघितली नाही.